स्टीमचा ओव्हरले उघडत नाहीये? आधी तो नेमका कुठे अडलाय ते शोधा

स्टीम म्हणजे पीसीवर गेम विकत घेऊन खेळायचा प्रोग्राम, आणि शिफ्ट टॅब दाबल्यावर चालू गेमच्या वर त्याची जी खिडकी उघडते तो ओव्हरले. गेम चालू आहे, तुम्ही शिफ्ट टॅब दाबताय आणि स्क्रीनवर काहीच येत नाही, हा प्रॉब्लेम स्टीमवर खेळणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी येतोच आणि मग एकेकाचे उपाय सुरू होतात, कोणी ग्राफिक्स ड्रायव्हर उडवतं, कोणी दीडशे जीबीचा गेम डिलीट करून परत डाउनलोडला लावतं, कोणी तर डायरेक्ट विंडोजच नव्याने टाकायला घेतं. यातलं काहीही करायच्या आधी पाच मिनिटं थांबा. ओव्हरले न उघडण्याची कारणं तशी मोजकीच आहेत आणि त्यातलं तुमचं कुठलं हे ओळखता येतं, फक्त शोधायचा क्रम बरोबर पाहिजे.

बरं, ओव्हरले म्हणजे नुसती चॅटची खिडकी असं समजून सोडूनही देऊ नका. कितीतरी को-ऑप, म्हणजे मित्रांसोबत मिळून खेळायच्या, गेममध्ये मित्राला बोलवायचं 'इन्व्हाइट'चं बटण ओव्हरलेच उघडतं, गेमच्या आतून काही विकत घेताना पैशांची परवानगी मागणारी खिडकी ओव्हरलेमध्येच येते, एफ१२ चा स्क्रीनशॉटही त्याच्यावरच चालतो. म्हणजे इन्व्हाइट दाबलं आणि ढिम्म काही झालं नाही तर लोक गेमला किंवा नेटला नावं ठेवतात, आणि दोष असतो ओव्हरलेचा.

हे आतून कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. तुम्ही स्टीममधून गेम सुरू करता तेव्हा स्टीम त्या गेमच्या आत स्वतःची एक डीएलएल फाइल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या आत चालणारा कोडचा तुकडा, सोडतं, नाव गेमओव्हरलेरेंडरर, ३२ बिट गेमसाठी वेगळी आणि ६४ बिट गेमसाठी वेगळी. गेम डायरेक्टएक्स, ओपनजीएल किंवा वल्कन, म्हणजे ग्राफिक्स कार्डकडून चित्र काढून घ्यायच्या पद्धती, वापरून एक फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र, तयार करतो आणि ती स्क्रीनवर जाणार तेवढ्यात ही डीएलएल मध्ये येते आणि त्या फ्रेमवर ओव्हरलेचं चित्र काढते. ते चित्र तयार करणारा प्रोग्राम मात्र वेगळा असतो, गेमओव्हरलेयूआय नावाचा. म्हणजे गडबड तीनच ठिकाणी होऊ शकते, एकतर डीएलएल गेममध्ये शिरलीच नाही, नाहीतर शिरली पण चित्र नीट निघत नाहीये, नाहीतर सगळं ठीक आहे आणि तुमची शिफ्ट टॅबच तिथपर्यंत पोचत नाहीये.

आता टेस्ट. गेम सुरू झाल्या झाल्या उजव्या खालच्या कोपऱ्यात स्टीमची छोटी पट्टी येते का बघा, शिफ्ट टॅब दाबा असं सांगणारी. मग गेममध्ये असताना एफ१२ दाबा, स्क्रीनशॉट निघाल्याची सूचना आली म्हणजे डीएलएल आत आहे आणि काम करतेय. लॅपटॉपवाल्यांनी एफएन धरून एफ१२ दाबून बघा, नाहीतर नुसता ब्राइटनेस नाहीतर आवाज बदलेल आणि तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढाल. अजून खात्री हवी असेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'इन गेम' पानावर एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा, आकडा दाखवायची सोय आहे, ती चालू करा, कोपऱ्यात आकडा दिसला तर डीएलएल शिरलीये यात शंकाच नाही.

पट्टी आली, स्क्रीनशॉट निघाला, पण शिफ्ट टॅबने काही होत नाही, असं असेल तर तुमचा प्रॉब्लेम कीबोर्डचा आहे आणि तुम्ही सुटलात. सेटिंग्ज, 'इन गेम', तिथे 'ओव्हरले शॉर्टकट की' असं लिहिलेलं दिसेल, त्या चौकटीत क्लिक करून दुसरी काहीतरी जोडी द्या, गेममध्ये लागत नाही अशी. काही गेमिंग कीबोर्डमध्ये विंडोज की लॉक करायचा गेमिंग मोड असतो आणि त्याच मोडमध्ये ऑल्ट टॅब आणि शिफ्ट टॅबसुद्धा बंद करायची टिक असते, ती कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये लपलेली असल्यामुळे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. कंट्रोलरवर खेळत असाल तर मधलं एक्सबॉक्सचं बटण दाबल्यावर स्टीमच्या ऐवजी विंडोजचा गेम बार उघडतो, त्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये गेमिंग, मग गेम बार, आणि तिथलं कंट्रोलरच्या बटणाने गेम बार उघडण्याचं स्विच बंद करा.

पट्टीच येत नाही, एफ१२ पण मेलेला, आकडा पण नाही. जास्त लोक इथेच अडकतात म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

पहिलं म्हणजे टिक बघा, आणि दोन ठिकाणी बघा. एक 'इन गेम' पानावर, सगळ्या गेमसाठीची. दुसरी त्या एका गेमची, लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'जनरल', तिथेही 'एनेबल द स्टीम ओव्हरले' आहे. बाकी सगळीकडे ओव्हरले चालतोय आणि एकाच गेममध्ये नाही, तर ही दुसरी टिक गेलेली असण्याची शक्यता पहिली धरा, एफपीएस वाढवायच्या नादात लोक ती काढून टाकतात आणि विसरतात.

दुसरं, गेम सुरू कसा करताय? डेस्कटॉपवर गेमच्या मूळ ईएक्सईचा, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलचा, शॉर्टकट करून ठेवला असेल आणि त्यावरून चालू करत असाल तर बरेच गेम सुरू होतात पण स्टीमला डीएलएल आत सोडायची संधीच मिळत नाही. लायब्ररीतल्या हिरव्या प्ले बटणावरून सुरू करा. काही गेम स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आधी उघडतात, तिथेही गडबड होते, ओव्हरले लाँचरमध्ये शिरतो आणि गेम मात्र कोरडाच राहतो, खास करून तो लाँचर आधीपासून बॅकग्राउंडला चालू असेल तर, कारण मग स्टीमने सुरू केलेली प्रोसेस वेगळी आणि गेमला जन्म देणारी वेगळी असं होतं. म्हणून टास्कबारच्या कोपऱ्यातून तो लाँचर पूर्ण बंद करा आणि मग स्टीममधून प्ले दाबा.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा निघतं आणि सगळ्यात शेवटी तपासलं जातं, ते म्हणजे ॲडमिन. गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतोय आणि स्टीम साध्या परवानगीवर, असं असेल तर विंडोज खालच्या परवानगीच्या प्रोग्रामला वरच्या परवानगीच्या प्रोग्राममध्ये हात घालू देत नाही, आणि ते बरोबरच आहे, सुरक्षेसाठीच आहे ते. हे स्वतःच्या डोळ्याने बघता येतं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स' टॅबवर जा, वरच्या कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' मध्ये 'एलेव्हेटेड' ला टिक करा. आता गेमच्या नावापुढे 'येस' आणि स्टीमच्या पुढे 'नो' दिसलं की चोर सापडला. लोक यावर स्टीमलाच ॲडमिन करून टाकतात, त्याने चालतंही, पण मग स्टीममधून उघडणारा प्रत्येक गेम आणि मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) ॲडमिनच्या ताकदीने चालणार, कशाला ते? उलटं करा, गेमच्या ईएक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'कम्पॅटिबिलिटी', आणि 'रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर' ची टिक काढा, सोबत लाँचरच्या ईएक्सईची पण तपासा. एखादा गेम ॲडमिनशिवाय उठतच नसेल तरच, तेवढ्यापुरतं स्टीम ॲडमिन म्हणून चालवा.

त्याच 'डिटेल्स' टॅबमध्ये गेमओव्हरलेयूआयने सुरू होणारी प्रोसेस दिसतेय का तेही बघून घ्या. दिसतच नसेल तर अँटीव्हायरसने ती फाइल उचलून नेली असू शकते, दुसऱ्या प्रोग्राममध्ये डीएलएल सोडणं हे काम व्हायरससारखंच दिसतं त्यामुळे कधीकधी चुकून पकडलं जातं. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडून स्टीमच्या फोल्डरमधली फाइल अडकलीये का बघा, असेल तर रीस्टोअर करा आणि फक्त त्या फाइलला किंवा स्टीमच्या फोल्डरला सूट द्या, अख्खा अँटीव्हायरस बंद करून ठेवू नका.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक उघडून बघतात. स्टीमच्या फोल्डरमध्ये, म्हणजे साधारणपणे सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मध्ये, गेमओव्हरलेरेंडरर नावाची एक लॉग फाइल असते. गेम चालू करून बंद करा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. तुमच्या गेमच्या ईएक्सईचं नाव त्यात असेल तर डीएलएल पोचली होती, आणि त्याच्या खाली गेम डीएक्सजीआय की डी३डी९ (हे डायरेक्टएक्समधलेच प्रकार) की दुसरं काय वापरतोय आणि 'प्रिपेअरिंग टू हुक', म्हणजे फ्रेमच्या मध्ये शिरायची तयारी, अशी ओळ असते. त्यात गेमचं नाव नाहीच आणि लाँचरचं आहे, तर वर सांगितलेलं लाँचरचंच प्रकरण आहे हे पक्कं झालं. अंदाज लावत बसण्यापेक्षा ही एक फाइल वाचलेली बरी, खरंच.

आता समजा लॉगमध्ये हुकची ओळ आहे पण स्क्रीनवर काही नाही, किंवा ओव्हरले उघडतो पण काळा पडतो, माऊस चालत नाही, अर्धवट दिसतो. अशा वेळी गर्दीवर संशय घ्या. कारण ज्या जागी स्टीम उभं राहतं त्याच जागी बाकीचेही येऊन उभे राहतात, डिस्कॉर्डचा ओव्हरले, एनव्हिडियाचा ऑल्ट झेडवाला, एएमडीचा ऑल्ट आरवाला, रिव्हाट्यूनर म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नरसोबत येणारं ते एफपीएसचं, रेकॉर्डिंगच्या ओबीएसचं गेम कॅप्चर, गेमचं चित्र बदलणारं रीशेड, एका चाळीतल्या एकाच नळावर सगळ्यांनी एकदम हंडे लावावेत तसं होतं. सगळे एकदम बंद करा, ओव्हरले आला का बघा, आला तर एकेक करून चालू करत जा, ज्याच्या येण्याने परत गेला तो दोषी. रिव्हाट्यूनर आफ्टरबर्नर बंद केलं तरी मागे चालू राहू शकतं, त्याचा वेगळा आयकॉन असतो टास्कबारच्या कोपऱ्यात, तोही बंद करायचा.

नुसता काळा किंवा पांढरा पडत असेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'इंटरफेस' पानावर वेब व्ह्यूजसाठीचं जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) ॲक्सिलरेशन आहे ते बंद करून स्टीम रीस्टार्ट करा. स्टीमचा ओव्हरले आतून वेब पानांसारखाच बनलेला आहे, जून २०२३ मध्ये स्टीम बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने नोट्स आणि खिडक्या पिन करायच्या सोयीसकट तो नव्याने आणला, त्यामुळे ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरने वेब पानं रंगवताना कच खाल्ली की तो कोरा दिसतो. 'इन गेम' मधून ओव्हरलेच्या ब्राउझरचा डेटा पण साफ करून बघा.

गेममध्ये ग्राफिक्सची पद्धत बदलता येत असेल तर ती फार कामाची टेस्ट आहे. बॉल्डर्स गेट ३ चा लाँचर वल्कन की डायरेक्टएक्स ११ असं विचारतो, रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये वल्कन आणि डायरेक्टएक्स १२ असे पर्याय आहेत. एकात ओव्हरले येतो आणि दुसऱ्यात नाही असं झालं तर तुमच्या विंडोजमध्ये बाकी काही बिघडलेलं नाही, ज्यात चालतोय त्यात खेळा. फुलस्क्रीनच्या ऐवजी बॉर्डरलेस विंडो करून बघणंही याच रांगेतलं, दहा सेकंदांचं काम आहे.

खेळता खेळता लाइट गेली आणि पीसी धाडकन बंद पडला, त्यानंतर ओव्हरले गेला, असं असेल तर फाइल खराब झालेली असू शकते. एकाच गेममध्ये असेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स' मधून व्हेरिफाय करा. सगळ्याच गेममध्ये असेल तर स्टीमच दुरुस्त करायला पाहिजे, आणि इथे एक गोष्ट नीट वाचा, कंट्रोल पॅनेलमधून स्टीम अनइन्स्टॉल करू नका, त्याच फोल्डरमधले तुमचे सगळे गेम पण त्यासोबत जातील आणि परत डाउनलोड करत बसाल. त्याऐवजी स्टीम मेनूमधून 'एक्झिट' करा, स्टीमच्या फोल्डरमध्ये जा, स्टीमॲप्स आणि युजरडेटा हे दोन फोल्डर आणि स्टीमची ईएक्सई एवढं सोडून बाकी सगळं डिलीट करा आणि तीच ईएक्सई परत चालवा. स्टीम स्वतःच्या फाइल नव्याने उतरवून घेतं, गेम जिथल्या तिथे राहतात. मात्र वेगळे मॉड किंवा स्किन स्टीमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकले असतील तर आधी बाजूला काढून ठेवा, आणि पासवर्ड हाताशी ठेवा, लॉगिन परत मागेल. स्टीमच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, असाल तर हे सगळं करण्याआधी 'इंटरफेस' मधून बीटा सोडून बघा, ते जास्त सोपं आहे.

काही ठिकाणी मात्र डोकं लावू नका. मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पासवरचे गेम स्टीममध्ये 'नॉन स्टीम गेम' म्हणून जोडले तरी त्यातल्या बऱ्याच गेममध्ये ओव्हरले शिरू शकत नाही, विंडोज त्यांना वेगळ्या कुंपणात चालवतं. विंडोज ७ किंवा ८ वर असाल तर १ जानेवारी २०२४ पासून स्टीमचा सपोर्टच बंद आहे, तिथे ओव्हरले दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, विंडोज बदलायलाच लागेल. आणि खूप जुने टूडी गेम जे ग्राफिक्स कार्डकडे अशा पद्धतीने जातच नाहीत त्यात चित्र काढायला ओव्हरलेला जागाच मिळत नाही, तिथे मित्राला इन्व्हाइट पाठवायचं असेल तर ऑल्ट टॅब करून स्टीमच्या फ्रेंड्स लिस्टमधून पाठवा.