जर्मन सुळकेदार शिरस्त्राण अस्सल कसे ओळखावे? आधी उलटे करा

पिकेलहाउबे, म्हणजे जर्मन सैन्याचा सुळक्याचा टोप, समोरून पाहणारा हमखास भाळतो. समोरचा गरुडाचा बिल्ला आणि सुळका हे सुटे होणारे, म्हणूनच सहज बदलता येणारे भाग. खरी साक्ष चामडे आणि त्यातली भोके देतात. पूर्ण बनावट टोप फार काळ फसवत नाही. तीन टोपांचे भाग जुळवून केलेला चौथा मात्र फसवतो.

जर्मन राज्यांपैकी प्रशियाने हा टोप १८४२ मध्ये आणला, बव्हेरियाने १८८६ मध्ये स्वीकारला आणि १९१६ पासून पोलादी शिरस्त्राणाने त्याची जागा घेतली. हाती जास्त येतो तो साध्या शिपायाचा १८९५ चा नमुना. इथले वर्णन मुख्यतः त्याचेच.

आधी अंग कशाचे आहे ते बघा. ब्रिटिशांचा १८७८ चा टोपही सुळक्याचाच होता, पण तो बुचाचा आणि वरून कापड चढवलेला. आपल्याकडे जुन्या बाजारात तो जर्मन म्हणून पुढे केला तर नवल नाही. जर्मन टोप काळ्या रोगणाच्या कडक चामड्याचा. पहिल्या महायुद्धात चामडे कमी पडल्यावर नमदा आणि पत्र्याचेही टोप निघाले, त्यामुळे नमदा दिसला म्हणून लगेच नकली ठरवू नका.

आता टोप उलटा धरा. शिपायाच्या टोपात घामपट्टीला चामड्याच्या पाकळ्या असतात, त्या दोरीने ओवून आवळलेल्या. अधिकाऱ्याच्या टोपात रेशमी किंवा सुती अस्तर, पुढच्या छज्जाची, म्हणजे कपाळावर पुढे आलेल्या कडेची, खालची बाजू हिरवी आणि मागच्याची लाल. शिपायाचे दोन्ही छज्जे खालूनही काळे.

मागच्या छज्जाखाली किंवा आतल्या बाजूस शिक्के शोधा. ‘बी. ए.’ म्हणजे कोअरचे, म्हणजे सैन्याच्या मोठ्या विभागाचे, गणवेश कोठार. पुढे कोअरचा रोमन आकडा आणि साल. ‘आय. आर. १३२’ म्हणजे १३२ वी पायदळ रेजिमेंट. शिक्का भिंगाखाली घ्या. शंभर वर्षांत रोगणाला बारीक तडे जातात आणि खरा शिक्काही त्यांच्याबरोबर तडकलेला असतो. शाई तड्यांवरून अखंड गेली असेल किंवा तड्यात उतरली असेल, तर शिक्का नंतरचा.

मग बिल्ला. शिपायाच्या बिल्ल्याला मागून डाख देऊन दोन कड्या जोडलेल्या असतात. त्या चामड्यातून आत येतात आणि त्यांत चामड्याची पाचर ठोकलेली असते. अधिकाऱ्याच्या बिल्ल्याला आटे पाडलेले खुंट आणि चाक्या. बिल्ल्याला लागतात त्याहून जास्त भोके चामड्यात दिसली, की बिल्ला बदललेला आहे. बिल्ला पातळ पितळी पत्रा ठशात दाबून केलेला असतो, त्यामुळे समोरचा उठाव मागे पोकळ दिसतो. जाड, जड आणि मागून सपाट असा ओतीव बिल्ला सरळ बाजूला ठेवा.

राज्य बिल्ल्यावरून कळते: प्रशियाचा गरुड, बव्हेरियाची सिंहांनी धरलेली ढाल आणि ‘इन ट्रॉय फेस्ट’ हे बोधवाक्य, वुर्टेमबर्गचे ‘फुर्ख्टलोस उंड ट्रेव्ह’. बाजूचे गोल रंगीत कोकार्ड त्याच्याशी जुळायला हवे. घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला राज्याचे: प्रशियाचे काळे-पांढरे-काळे, बव्हेरियाचे पांढरे-निळे-पांढरे. उजवीकडे साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल, पण हे १८९७ मध्ये आले. शिक्का १८९३ चा आणि कोकार्डे दोन, तर घाबरू नका. सैन्यातच नंतर दुसरे बसवलेले असू शकते. बव्हेरियाचा शिक्का असलेल्या टोपावर प्रशियाचा गरुड मात्र पटण्यासारखा नाही.

सुळक्याच्या बैठकीवर शिपायाला गोल घुंड्या, अधिकाऱ्याला ताऱ्याच्या आकाराच्या. पैसा वाढतो म्हणून साध्या टोपावर तारे बसवून त्याला ‘बढती’ देण्याची युक्ती जुनी आहे. अस्तर, छज्जाचे रंग आणि बिल्ल्याचे खुंट तिघेही अधिकाऱ्याचे असतील तरच विश्वास ठेवा. सुळक्याऐवजी गोळा असेल तर तो तोफखान्याचा.

लोहचुंबकही जवळ असू द्या. १८९५ च्या शिपाई टोपाचे पितळ चिकटत नाही. चिकटले आणि वर पितळी मुलामा दिसला, तर नक्कल समजा. १९१५ च्या नमुन्याचे करडे पोलादी भाग मात्र चिकटायलाच हवेत, आणि त्याचा सुळका फिरवून सुटतो.

भारतात बनलेल्या नकला जगभर विकल्या जातात. त्यांचे चामडे मऊ, एकसारखे चकचकीत, सगळे भाग अगदी घट्ट बसलेले. खरे चामडे आक्रसते, म्हणून छज्जाच्या पितळी कडेत फट पडते आणि शिवण उसवते. तेवढ्यासाठी टोप नाकारू नका.

घरी आणल्यावर पितळ चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. चामड्याला तेल लावले तर रोगण सुटते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, आत आम्लरहित कागदाचा बोळा भरा आणि पाचरी ठोकून काढायच्या फंदात पडू नका. वाळलेल्या चामड्यातून ओढली की पितळी कडीच डाखासकट निखळते.