नाशिकच्या कोरड्या पट्ट्यात फुलांचे कुंपण: कण्हेरीच्या जोडीला काय लावावे?

इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांत मात्र तो सुमारे ५०० ते ६०० मिमीवर थांबतो. हे जैसलमेरचे वाळवंट नव्हे, पण माघापासून मृगापर्यंत बांधावरच्या झुडपाला आभाळातून पाणी असे मिळतच नाही. म्हणून रस्त्याकडेच्या घराला किंवा मळ्यातील वस्तीला आडोसा करताना रोपवाटिकेतील फुलांवर न भुलता झुडपाची तहान आणि त्यावर येणारी कीड पाहून निवड करावी.

मुख्य झाड म्हणून कण्हेर उत्तम आहे. ती उन्हाळाभर फुलते, हलक्या जमिनीत तग धरते आणि दोन-तीन वर्षांत माणसाच्या डोक्यावर जाते. तिच्यावर पिवळा मावा येतो खरा, परंतु तो रुई-कण्हेरीच्या कुळाबाहेर सहसा जात नाही, त्यामुळे शेजारच्या पिकाला त्याची धास्ती नसते. तिचा दोष वेगळाच आहे: वाढेल तसा तिचा बुडखा उघडा पडतो आणि खालून आरपार दिसू लागते. जोडीची झुडपे लागतात ती मुख्यतः ही उणीव भरून काढण्यासाठी.

बुडखा झाकण्यास अडुळशासारखे झुडूप नाही. तो जमिनीपासून पानांनी भरलेला राहतो, शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि हिवाळ्यात, कण्हेरीचा बहर ओसरलेला असताना, त्याला पांढरी फुले येतात. पावसाळ्यातील फुलांसाठी निरगुडी आणि तरवड घ्यावेत. निरगुडी फांदीपासून सहज लागते व तिच्या निळसर तुऱ्यांवर मधमाश्या येतात. तरवडाचे रानातले रोप उपटून आणल्यास सोटमूळ तुटून ते बहुधा मरते, म्हणून त्याचे बी जागेवरच टोकावे. मेंदीही चालेल, मात्र सारखी कातरल्यास तिला फुले येत नाहीत.

बोगनवेल लावायची असल्यास तिचे पाणी वेगळे ठेवावे. तिला ताण बसला की ती फुलते आणि पाणी सढळ मिळाले की नुसता पाला वाढवते. उलट जास्वंदीला उन्हाळ्यात वरचेवर पाणी द्यावे लागते. या दोघी ठिबकच्या एकाच नळीवर ठेवल्या, तर एक तरी नाराज राहणारच. एक्झोरा या झुबक्यांनी फुलणाऱ्या शोभेच्या झुडपाची हौस चुनखडीच्या जमिनीत करू नये, कारण तेथे लोह न मिळाल्याने पाने पिवळी पडतात व फक्त शिरा हिरव्या राहतात.

द्राक्षबागायतदारांनी जास्वंदीबाबत विशेष सावध राहावे. द्राक्षघडांत शिरणारा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही वाढतो, आणि बागेलगतची जास्वंद म्हणजे छाटणीनंतर किडीला राखून ठेवलेले बिऱ्हाडच. बागेच्या अगदी कडेला दाट कुंपणही नको. वारा अडून दमटपणा वाढला की द्राक्षावरील भुरी आणि केवडा या रोगांना वाव मिळतो. मालेगाव, सटाणा भागातील डाळिंब उत्पादकांनी कुंपणावर चढणारी गुळवेल व वासनवेल काढून टाकावी, कारण फळांतील रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर पोसल्या जातात.

लागवडीसाठी प्रत्येक ओळीला दीड फूट रुंद व तितकाच खोल चर उन्हाळ्यातच खोदून तापू द्यावा आणि पुढे माती व चांगले कुजलेले शेणखत घालून भरावा. पहिल्या सरीला घाई न करता ओल फूटभर खाली गेल्यावर, वापसा (चिखल निवळून मातीत बेताची ओल) पाहून रोपे लावावीत. मागच्या ओळीत कण्हेर चार फुटांवर, तर दोन फूट पुढच्या ओळीत अडुळसा व तरवड तीन फुटांवर, मागच्या दोन झाडांमधली फट झाकली जाईल अशा बेताने घ्यावेत. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोल पाणी आणि बुडाशी पाचटाचे आच्छादन द्यावे. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच राहतात.

कण्हेरीची छाटणी बहर संपल्यावर, शक्यतो ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीत मजूर अडकण्याआधी उरकावी. तिचा प्रत्येक भाग विषारी असल्याने ती गोठ्याजवळ लावू नये, छाटलेल्या फांद्या जनावरांच्या वाटेत टाकू नयेत आणि वाळल्या तरी चुलीत घालू नयेत, कारण तिचा धूरही अपायकारक असतो. हा पाला वस्तीपासून दूर खड्ड्यात पुरून वर माती ओढावी.