वळीव पडून गेला की जांभळाला लगेच हात लावू नका

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आणि लोंढ्याकडं जांभूळ पिकतं ते नेमकं वळीव आणि मृगाच्या मध्ये. मग घाई होते, आणि ओलं फळ बुट्टीत भरलं जातं. माल जास्त नासतो तो यानंच. फळमाशीचं नाव तेवढं पुढं करतात. संध्याकाळी भरलेली ओली बुट्टी सकाळी बेळगावात उघडली की तळातून रस गळतो, वास आंबट येतो. दलाल भाव पाडतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

पाऊस पडला तर थांबा. सकाळी दव वाळल्याशिवाय झाडाखाली जाऊच नका. आभाळ भरून येतंय असं दिसलं, तर काळंभोर झालेलं तेवढं आधीच उतरवा. पूर्वेकडून गडगडलं तर सर येऊन मोकळं होतं, दुसऱ्या दिवशी तोडता येतं. पश्चिमेकडून झड लागली की कोरडी तोडणी संपली समजा. हा माझा अंदाज, कृषी खात्याच्या कागदात तो सापडायचा नाही.

तोडणी:
- एक दिवसाआड फेरी
- हातानं किंवा जाळीच्या झेल्यानं, झोडपणं बंद
- उथळ बुट्टी, तळाला कोरडी पानं
- पडलेलं, तडकलेलं वेगळं, ते रसाला
- भरलेली बुट्टी सावलीत

जांभळाची फांदी ठिसूळ. ओल्या झाडावर गडी चढवू नका.

लालसर फळ झाडावरच राहू द्या, तोडल्यावर जांभूळ पिकत नाही. त्यामुळं दुकानदार पिकवायची पावडर नाहीतर चकाकीचं टॉनिक पुढं करील, तर पाकीट खिशातच असू दे. कार्बाइडला तर कायद्यानंच बंदी आहे. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे एकरी 4, आणि किडकी फळं रोज गोळा करून खोल पुरणं, हे स्वस्तातलं काम आधी करा.

घरी ठेवायचं फळ धुऊ नका. बायामाणसं स्वच्छ म्हणून धुऊन डब्यात घालतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. निवडा, कोरड्या फडक्यावर पसरा, भोकांच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, खाताना धुवा. फ्रिज नसेल तर दोन दिवसांत संपवा.

पाणी घालून प्यायचं दाट सरबत टिकवायला त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका, जांभळाचा रंग उडतो. सोडियम बेंझोएट लिटरला 0.6 ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर मोजून, थोड्या पाण्यात विरघळवून.

बियांनाही गिऱ्हाईक आहे. धुऊन सावलीत वाळवा. कट्टकन फुटली तरच पोत्यात भरा.