आइस हॉकीची क्लब स्पर्धा भरवताय? आधी बर्फ बुक करा

संघ मिळतात हो, रिंक म्हणजे बर्फाचं मैदान मिळत नाही. म्हणून आधी तारखा पक्क्या करा, मग राष्ट्रीय संघटनेची परवानगी. परदेशी पाहुण्या क्लबांनाही आपापल्या संघटनेची लागते. त्यांच्या मागे लागा.

संघ सहा बरे, तीन-तीनचे दोन गट. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला 1923 मध्ये सुरू झालेल्या स्पेंगलर चषक या क्लब स्पर्धेचीही आज हीच रचना आहे.

वेळापत्रकात मात्र भलेभले गंडतात. खेळ 20 मिनिटांचे तीन भाग, म्हणजे तासाभराचा. पण शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. शिवाय दोन मध्यंतरं. तेवढ्यात यंत्र ओरखडलेला बर्फ खरवडतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडतं. तो गोठेपर्यंत कुणालाही आत सोडू नका, प्रशिक्षक कितीही ओरडोत. मी एका सामन्याला तीन तास धरतो.

गुण: साध्या वेळेत विजय 3, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर गोल करायचा) 2, तिथे हरणाऱ्याला 1. गुण सारखे झाले तर पुढे कोण, हे आधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पंच शक्यतो त्रयस्थ देशाचे. आणि ओलं किट वाळवायला खोली हवीच. नाहीतर दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये नाक धरून जाल.