फीचर हाताने घडवा किंवा मॉडेलला शिकू द्या, पण या चुका टाळा

मराठी बातम्यांचं वर्गीकरण करायचंय, ग्राहकांच्या तक्रारी विभागवार लावायच्यात, की लगेच वाद सुरू होतो: शब्द मोजून, टीएफ-आयडीएफ (सगळीकडे येणाऱ्या शब्दांना कमी, मोजक्या ठिकाणी येणाऱ्यांना जास्त वजन देणारी मोजणी) लावून फीचर, म्हणजे मजकुराचं वर्णन करणारे आकड्यांचे रकाने, आपण घडवायचे, की बर्टसारख्या (ढीगभर मजकुरावर आधीच शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कच्या) मॉडेलला मजकूर देऊन फीचर त्यालाच शिकू द्यायचे? बहुतेक जण दोन्ही करून पाहतात, आकडे शेजारी मांडतात आणि 'हाताने घडवलेले फीचर मराठीत चालत नाहीत' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा निष्कर्ष बऱ्याचदा चुकीचा असतो, कारण त्या तुलनेत मराठी मजकूर मॉडेलपर्यंत पोचलेलाच नसतो.

मात्रा गळतात आणि कुणाला पत्ता लागत नाही

पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीतला, मजकुराचे आकडे करणारा काउंट व्हेक्टरायझर किंवा टीएफ-आयडीएफ व्हेक्टरायझर जसा येतो तसा मराठीवर चालवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. त्याचा मूळचा टोकन पॅटर्न, म्हणजे मजकुराचे शब्द (टोकन) तोडायचा नियम, सांगतो की सलग दोन किंवा जास्त 'शब्दातली अक्षरं' असतील तर त्याला शब्द धरा. अडचण अशी की पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत) काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही 'शब्दातली अक्षरं' नाहीत. युनिकोडमध्ये ती जोडचिन्हं आहेत, त्यामुळे पॅटर्न प्रत्येक मात्रेपाशी शब्द तोडतो आणि एकटं उरलेलं अक्षर फेकून देतो.

शेतीच्या बातम्यांवर हे चालवून पाहा. 'पाऊस'मधला 'प' एकटा पडतो म्हणून जातो आणि उरतो 'ऊस'. 'रस्ता'चा 'रस' होतो. 'सरकार'चं 'सरक', 'शेतकरी'चं 'तकर'. 'कांदा', 'कापूस' आणि 'सोयाबीन' यांच्यात दोन सुटी अक्षरं सलग येतच नाहीत, म्हणून हे तिन्ही शब्द पूर्णपणे नाहीसे होतात. पावसाची बातमी उसाच्या रकान्यात मोजली जाते, आणि कांद्याच्या बातमीत कांदाच नसतो.

घातक भाग पुढे आहे. एरर येत नाही. अचूकताही शून्यावर जात नाही, कारण उरलेल्या तुकड्यांतही थोडीफार माहिती शिल्लक असते. 'बरा आहे, पण फार चांगला नाही' असा आकडा येतो आणि तो बघून लोक थेट जीपीयू (मोठी मॉडेल चालवायला लागणारा प्रोसेसर) भाड्याने घ्यायला धावतात.

इलाज दोन ओळींचा आहे. आधी विरामचिन्हं स्वतः काढा आणि टोकन पॅटर्न बदलून फक्त मोकळ्या जागेवर शब्द तोडा. विरामचिन्हं काढतानाही तीच खबरदारी घ्या. 'शब्दातली अक्षरं सोडून बाकी सगळं पुसा' ही इंग्रजी ट्युटोरियलमधून उचललेली ओळ 'मराठी'चं 'मरठ' करून ठेवते. पुसायची चिन्हं नावानिशी लिहा: पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, दंड. किंवा पायथनचं वेगळं मिळणारं 'रेजेक्स' नावाचं पॅकेज वापरा, ते जोडचिन्हांना शब्दाचाच भाग मानतं.

त्याहून चांगलं म्हणजे मराठीसाठी शब्दांऐवजी अक्षरांचे एन-ग्रॅम, म्हणजे सलग अक्षरांचे छोटे तुकडे, घ्या. अ‍ॅनालायझर 'चार-डब्ल्यूबी', लांबी २ ते ५, किमान ३ दस्तऐवजांत आलेलेच तुकडे ठेवा आणि वर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (रकान्यांना वजनं देऊन वर्ग ठरवणारं मॉडेल) लावा. घरात, घराला, घरापासून, घरासमोरच्या हे शब्द म्हणून चार निरनिराळे रकाने होतात, एन-ग्रॅममध्ये 'घरा' सगळ्यांना बांधून ठेवतो. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत चालणारी ही मांडणी ज्याने नीट करून पाहिलेली नाही, त्याने बर्टशी तुलना करूच नये.

शिकलेले फीचर या दुखण्यातून सुटत नाहीत

'डीप लर्निंग आपोआप शिकतं, प्रीप्रोसेसिंग लागत नाही' हे वाक्य अर्धवट ऐकून नवखे लोक घाई करतात. गूगलच्या बहुभाषिक बर्टचं 'अनकेस्ड' रूप घ्या. इंग्रजीत अनकेस्ड म्हणजे कॅपिटल अक्षरांचा भेद काढला एवढंच वाटतं, पण त्याचा टोकनायझर (मजकुराचे तुकडे करणारा भाग) सोबत अ‍ॅक्सेंटही काढतो. त्यासाठी युनिकोडमधली 'जागा न घेणारी' चिन्हं पुसली जातात आणि देवनागरीत उकार, एकार, अनुस्वार, हलन्त याच गटात मोडतात. काना आणि वेलांटी मात्र दुसऱ्या गटात असल्यामुळे वाचतात. म्हणून 'नाशिक' शाबूत राहतं, 'मुंबई'ची 'मबई' होते, 'कोल्हापूर'चं 'कोलहापर' आणि 'पुणे'चं 'पण'. वाक्यात शंभरदा येणारं उभयान्वयी अव्यय आणि शहराचं नाव मॉडेलला एकसारखं दिसतं. गूगलने स्वतः बहुभाषिक कामासाठी 'केस्ड' रूप वापरा असं सांगितलेलं आहे, तरी नावात 'अनकेस्ड' असलेलं मॉडेल मराठीसाठी वापरणारे आजही भेटतात.

भारतीय भाषांसाठी गूगलने बनवलेलं म्युरिल घ्या, पुण्याच्या एल-थ्री-क्यूबचं मराठी महाबर्ट घ्या, नाहीतर दुसरं काही. ट्रेनिंगचं बटण दाबण्याआधी टोकनायझरला वीस मराठी वाक्यं द्या, मिळालेले तुकडे परत जोडा आणि मोठ्याने वाचा. वाचून वाक्य कळत नसेल तर मॉडेललाही कळणार नाही. टीएफ-आयडीएफच्या बाबतीत शब्दसंग्रहातले शंभर शब्द छापून वाचा. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम आहे.

'ऱ्या'चे दोन अवतार

'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ'ला हलन्त लावून, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर एकच, संगणकाला दोन. एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणारं युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही हे दोन एक करत नाही. काही जण वैतागून सगळे न दिसणारे जोडक पुसून टाकतात, आणि मग 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' होऊन स्वयंपाकी प्राध्यापक बनतो. क्रम पाळा: आधी 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' ठेवा, मगच उरलेले जोडक पुसा. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि ट्रेनिंगला व प्रत्यक्ष वापराला तेच फंक्शन बोलवा. दोन ठिकाणी दोनदा लिहिलेली साफसफाई आज ना उद्या वेगळी होतेच.

मॉडेल विषय शिकलं की छापखाना?

हाताने फीचर घडवताना रकान्यांची नावं तरी डोळ्यांसमोर असतात. शिकलेल्या फीचरमध्ये मॉडेल सोपी वाट पकडतं आणि ती कळायला वेळ लागतो. २०१८ मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आलेला छातीच्या एक्स-रेचा अभ्यास या कामातल्या प्रत्येकाने वाचावा. न्यूयॉर्कचं माउंट सिनाई रुग्णालय आणि अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था एनआयएच यांचे एक्स-रे एकत्र करून न्यूमोनिया ओळखणारं मॉडेल बनवलं होतं. माउंट सिनाईच्या एक्स-रेंमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण ३४.२ टक्के, एनआयएचमध्ये १.२ टक्के. म्हणजे एक्स-रे कुठला हे ओळखलं की निम्मं उत्तर हातात. आणि ते ओळखणं नेटवर्कला अगदी सहज जमत होतं. डावी-उजवी बाजू दाखवायला तंत्रज्ञ कोपऱ्यात ठेवतात त्या धातूच्या खुणेकडेही त्याचं लक्ष जात होतं. त्याच दोन ठिकाणच्या राखीव एक्स-रेंवर एयूसी (१ म्हणजे अचूक ओळख, ०.५ म्हणजे नुसता अंदाज) ०.९३१ होता, इंडियाना विद्यापीठाच्या एक्स-रेंवर तो ०.८१५ वर आला.

मराठी बातम्यांत ती धातूची खूण म्हणजे पहिली ओळ: वृत्तसेवेचं नाव, 'प्रतिनिधी', गावाचं नाव आणि 'ता.'. क्रीडा विभाग एका संकेतस्थळावरून आणि शेती दुसऱ्यावरून गोळा केलीत तर मॉडेल छापखाना ओळखायला शिकेल. ही ओळ कापा. एकाच संस्थेची सरळ नक्कल केलेली बातमी ट्रेन (शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (तपासायचा डेटा) दोन्हीत राहू देऊ नका. आणि टेस्टसाठी एक आख्खं संकेतस्थळ किंवा शेवटचे दोन महिने बाजूला ठेवा. सरमिसळ करून २० टक्के उचलणं सोपं आहे, म्हणूनच सगळे तेच करतात आणि फसतात.

थोडक्यात आटोपणाऱ्या चुका

बर्टला देण्याआधी स्टॉपवर्ड, म्हणजे 'आणि', 'आहे' यांसारखे सतत येणारे शब्द, काढू नका. बऱ्याच याद्यांमध्ये 'नाही' असतो, आणि 'जेवण चांगलं नाही' हे कौतुक होऊन बसतं.

टीएफ-आयडीएफ, स्केलर (रकान्यांचे आकडे एका मापात आणणारा), टार्गेट एन्कोडिंग (वर्गाच्या जागी उत्तराची सरासरी ठेवणं) यांपैकी काहीही आधी सगळ्या डेटावर फिट करून मग डेटा विभागू नका. पाइपलाइनमध्ये घाला, म्हणजे तपासणीसाठी केलेल्या डेटाच्या प्रत्येक वाटणीला (फोल्डला) नव्याने फिट होतं.

बर्टची मर्यादा ५१२ तुकड्यांची, शब्दांची नव्हे. बहुभाषिक टोकनायझर मराठी शब्दाचे तीन-चार तुकडे सहज करतो, त्यामुळे लांब तक्रारीचा शेवट कापला जातो. खरी मागणी बहुधा तिथेच असते.

फाइन-ट्यूनिंगला (आधी शिकलेलं मॉडेल आपल्या डेटावर पुढे शिकवायला) लर्निंग रेट, म्हणजे शिकण्याच्या पावलाचा आकार, दोन ते पाच लाखांश, २ ते ४ फेऱ्या. एक हजारांश ठेवून आधी शिकलेलं पुसून टाकणारे मग मॉडेलला दोष देतात.

फाइन-ट्यून न करता मॉडेलने मजकुरासाठी दिलेल्या आकड्यांच्या याद्या (व्हेक्टर) नुसत्या वापरायच्या तर पहिल्या टोकनचा व्हेक्टर उचलू नका. सगळ्या टोकनांची सरासरी घ्या, पॅडिंग (लांबी सारखी करायला भरलेली रिकामी टोकनं) वगळून.

७६८ आकड्यांच्या व्हेक्टरशेजारी रुपयांतली रक्कम किंवा मजकुराची लांबी तशीच चिकटवली तर तो एकच रकाना लॉजिस्टिक रिग्रेशनवर कुरघोडी करतो. रकमेचा लॉग घ्या, मग स्केल करा. वर ग्रेडियंट बूस्टिंग (एकापाठोपाठ एक छोटे निर्णयवृक्ष जोडत जाणारं मॉडेल) लावणार असाल तर स्केलिंगची गरज नाही.

आणि डेटात मजकूर नसून वय, रक्कम, तारीख, जिल्हा असे काही हजार ओळींचे रकाने असतील, तर न्यूरल नेटवर्कच्या आधी बूस्टिंग चालवा आणि तारखेतून वार, महिना, सणाला उरलेले दिवस हे फीचर हातानेच काढा. इतक्या थोड्या ओळींतून दिवाळी कधी येते हे कुठलंही नेटवर्क स्वतःहून शिकणार नाही.