रिअॅक्शन टाइम मोजताय? या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी गावी आले की पडवीत मोबाइल बाहेर निघतात आणि पोरांची स्पर्धा लागते. लाल स्क्रीन हिरवी झाली की टॅप करायचं. कुणाला २३० मिलिसेकंद लागतात, कुणाला ३१०. मग गावच्या कबड्डी संघात भक्कम पकडी करणारा पोरगा ३१० बघून स्वतःला मंद समजायला लागतो. हे फार वाईट आहे, कारण त्या आकड्यात त्याचा फोनही धरलेला असतो.

साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंदांनी. टच ओळखायला फोन आणखी वेळ खातो, जुना किंवा स्वस्त फोन तर जास्तच. म्हणून तुलना करायची तर सगळ्यांनी एकाच फोनवर करा. बॅटरी सेव्हर बंद आहे ना, तेही बघा. पावसात लाइट गेली, चार्जिंग संपत आलं की तो चालू होतो आणि बऱ्याच फोनमध्ये १२० हर्ट्झची स्क्रीन गुपचूप ६० वर येते. आपल्याकडच्या दमट हवेत घामेजलेलं बोटही त्रास देतं: टॅप लागतच नाही किंवा उशिरा लागतो. बोट आणि काच कोरड्या फडक्याने पुसा, अंगठा काचेच्या अगदी जवळ धरा.

रेंजला मात्र उगाच दोष देऊ नका. अशा चाचणीत पान एकदा उघडलं की वेळ फोनमध्येच मोजली जाते. रेंज नडते ती चार जणांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये. तिथे पिंग, म्हणजे फोनचा निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, किती आहे ते वेगळं बघावं.

दुसरी चूक म्हणजे अंदाजाने टॅप करणं. समजा आकडे आले २६२, २४८, २७१, १३९, २५५. यातला १३९ बहुतेक नशिबाचा. (धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर १०० मिलिसेकंदांच्या आत हललेला धावपटू फाउल धरतात, आणि आवाजाला तर माणूस प्रकाशापेक्षा लवकर प्रतिसाद देतो.) सरासरी काढली तर २३५ येते, म्हणजे फुकटची २० मिलिसेकंदांची शाबासकी. त्यापेक्षा आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या: २५५. तोच तुमचा.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो फक्त लाल-हिरवा खेळत बसण्यात. पहिल्या काही दिवसांत आकडा उतरतो तो बहुतेक खेळ अंगवळणी पडल्यामुळे. पुढे तो अडतो, कारण डोळ्यापासून बोटापर्यंतच्या वाटेला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही. मैदानावर प्रश्नही वेगळा असतो. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपरारक्षकाला ठरवायचं असतं की घोटा धरायचा, थांबायचं की मागे सरायचं. पर्याय आले की वेळ वाढतो, हे डच शास्त्रज्ञ दोंडर्स यांनी १८६८ मध्येच मोजून दाखवलं. सरावाने खरा फायदा इथे होतो. म्हणून एका रंगाला डावीकडे, दुसऱ्याला उजवीकडे आणि तिसऱ्याला हातच लावायचा नाही, असे गेम निवडा. वेळेबरोबर चुकाही मोजा; वेळ घटली पण चुका वाढल्या तर सुधारणा झालेली नाही. आवाजाचे गेम ब्लूटूथ इअरबड घालून खेळू नका, त्यात आवाजच उशिरा पोचतो. आणि कबड्डीसाठी समोरच्याची कंबर आणि पाय वाचायला मैदानातच शिकावं लागतं, तिथे मोबाइल कामाचा नाही.

झोपेचं लोक मनावर घेत नाहीत. रात्रभर दशावतार बघून सकाळी चाचणी घेतली तर मधला आकडा थोडाच वाढलेला दिसेल, पण मध्येच एखादा ५०० च्या वर जाईल. तेव्हा लक्ष क्षणभर सुटलेलं असतं. गेम नीट चालला नाही म्हणून तो आकडा खोडू नका. त्या सकाळी आंबोली घाटात गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या: ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते.