सेल्फ घेत नसेल तर बॅटरी बदलायची घाई करू नका

आयटीआय करून जालना, बीड, लातूरकडच्या गॅरेजात वायरिंगच्या कामाला लागणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. मीटर धरता येतो, हे गृहीत धरतो.

इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. नुकत्याच चालून आलेल्या गाडीचा आकडा फुगलेला असतो. दोन मिनिटं हेडलाईट लावून बंद करा, मग मोजा. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) हा आकडा खालीवर करतो, लगेच अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) उतरवू नका.

खरी मेख पुढे आहे आणि मला तिनेच सगळ्यात जास्त छळलं. बॅटरी भरलेली, पण सेल्फ मारला की नुसतं 'टक'. अर्थची वायर (बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनला जाणारी) मीटरवर बीप देते, म्हणून ती चांगली समजून आपण पुढे जातो. बीपवर विश्वास ठेवू नका! आत दोन-चार तारा उरल्या तरी बीप वाजते, कारण मीटर नाममात्र करंट सोडतो. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. वायर मोजायची ती करंट वाहत असताना. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 च्या आसपास ठीक. एक व्होल्ट दिसला तर लाल प्रोब बॅटरीकडे मागे आणत न्या: बॉडी, लग (वायरच्या टोकाची कडी), क्लॅम्प. दर वेळी सेल्फ मारायचा. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडेल, तो टप्पा आणि त्याआधी मोजलेला टप्पा यांच्यामधला जोड खराब. अनेकदा क्लॅम्पच्या आतला पांढरा थर घासला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते.

चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुन्या उस्तादांची युक्ती मात्र कुणीही सांगो, करू नका. व्होल्टेज उसळून डायोड, ईसीयू जळू शकतो. अशी युक्ती शिकवणाऱ्यापेक्षा मीटर हातात देऊन शांत उभा राहणारा उस्ताद शोधा, पगार थोडा कमी असला तरी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, बॅटरीचं पाणी भराभर आटतं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं क्षाराचं पाणी प्लेटा खातं.

सुरुवातीला गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं की आकडे सुचत नाहीत, सगळ्यांचं होतं. धडधाकट गाडीवर हेच माप घेऊन वहीत लिहून ठेवा, बिघडलेल्या गाडीपाशी वही उघडा.